सावित्रीचा गाळ आणि न्हावा-शेवाचा धक्का

महाड हे एके काळी बंदर होते, असे वर्गात सांगितले की मुले आधी नकाशाकडे आणि मग आपल्याकडे पाहतात. नकाशात समुद्र बराच पश्चिमेला, बाणकोटपाशी. पण सावित्रीच्या खाडीतून भरतीचे पाणी महाडपर्यंत आत येते आणि जुन्या काळी त्या पाण्याबरोबर मचवे आणि पडाव येत असत. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून महाडच्या पेठेत उतरायचा आणि तिथून खाडीने बाणकोटला जायचा. परतीच्या वाटेवर मीठ वर चढायचे. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून महाबळेश्वरला निघालेले साहेबलोक आगबोटीने दासगावला उतरत आणि महाड-पोलादपूरमार्गे घाट चढत. बंदर आणि घाट यांच्यामधला मुक्काम, अशी पोलादपूरची तेव्हाची ओळख होती.

हे बंदर गेले कुठे? पक्के रस्ते झाले, मोटारी आल्या, १९९०च्या दशकात कोकण रेल्वे आली, ही कारणे खरीच आहेत. पण जहाजे मोठी होत गेली आणि खाडी मात्र उथळच राहिली, हेही तितकेच खरे. खाडीच्या तळाशी गाळ आहे. आमच्या या लेखाचा विषय तोच.

आज महाडच्या औद्योगिक वसाहतीतला माल परदेशी पाठवायचा असेल, तर तो लोखंडी पेटीत, म्हणजे कंटेनरमध्ये भरून ट्रकने उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवाला जातो. जिल्हा तोच, रायगड. गंमत अशी की न्हावा-शेवाचे बंदरही गाळातच उभे आहे. एका बंदराला गाळाने मागे हटवले, आणि दुसऱ्याने तशाच गाळात चार किलोमीटरहून लांब धक्का बांधला. हे कसे जमले, ते समजून घेण्यासाठी आधी गाळाची ओळख करून घेतली पाहिजे.

पोलादपूर-महाड भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, महाबळेश्वरला त्याहून कितीतरी अधिक. हा पाऊस सह्याद्रीच्या बसाल्टची झीज करतो. त्यातून जे सर्वांत बारीक कण निघतात, ते दोन मायक्रॉनहून लहान, पातळ पापुद्र्यासारखे असतात. देशावरच्या काळ्या मातीत असतात त्याच कुळातले. गोड्या पाण्यात हे कण दिवसेंदिवस तरंगत राहतात, कारण त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर ढकलतात. खाडीत खारे पाणी भेटले की मिठातले आयन हा दुरावा मोडतात. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते तळाशी बसतात. वर्गात दोन काचेचे पेले घ्या, दोन्हींत सारखाच गढूळ चिखल कालवा आणि एकात दोन चमचे मीठ टाका. मिठाचा पेला आधी निवळतो. महाड-दासगावच्या खाडीत आणि मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्यावर हजारो वर्षे हेच चालले आहे.

असा बसलेला गाळ म्हणजे पत्त्यांच्या बंगल्यासारखी रचना, आणि खोल्याखोल्यांतून पाणी भरलेले. शंभर ग्रॅम कोरड्या मातीमागे ऐंशी-शंभर ग्रॅम पाणी, असे प्रमाण सहज सापडते. दर चौरस मीटरला तीन-पाच टन भार आला की असा मऊ गाळ शरण येतो. आता दुसऱ्या बाजूचा हिशेब करू. वीस फुटी कंटेनर सुमारे १५ चौरस मीटर जागा व्यापतो. प्रत्येकी २० टनांचे पाच कंटेनर एकावर एक ठेवले तर १०० टन, म्हणजे चौरस मीटरला साडेसहा टनांच्या वर. आणि हे कंटेनर ठेवण्यापूर्वी जमीन भरतीच्या पाण्यावर यावी म्हणून तीन-चार मीटर मुरूम-दगडांचा भराव घालावा लागतो. तो भरावच चौरस मीटरला पाच-सात टनांचा. थोडक्यात, कंटेनर येण्याआधी भरावच गाळात जायचा!

असे प्रत्यक्ष घडलेही आहे. स्वीडनमध्ये गोटेनबर्ग बंदरात ५ मार्च १९१६ रोजी स्टिगबर्ग नावाचा धक्का मऊ चिकणमातीसकट नदीकडे सरकला. बंदराचे अभियंते पेटरसन आणि हुल्टिन यांनी अपघातानंतर जमिनीच्या हालचालींची मोजमापे घेतली. माती सरळ प्रतलावरून घसरते असे तोवर सर्वसाधारणपणे धरले जाई. त्यांना दिसले की ती वर्तुळाच्या कंसावरून फिरली आहे: धक्क्याची बाजू खाली गेली, पुढे पाण्यातला तळ वर उचलला गेला. एकदा कंस मिळाला की हिशेब वर्गातल्या तरफेसारखा सोपा होतो. केंद्राभोवती एका बाजूला माती फिरवू पाहणारे वजन, दुसऱ्या बाजूला कंसभर पसरलेला मातीचा चिकटपणा. कोण जिंकते ते पाहायचे. जगभर उतारांची आणि धक्क्यांची सुरक्षितता तपासायला ही पद्धत, सुधारलेल्या रूपांत, अजून वापरतात. पडलेल्या धक्क्यातून मिळालेले हे ज्ञान आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

दुसरा धागा इस्तंबूलमधला. कार्ल टेर्झाघी हा प्रागमध्ये जन्मलेला अभियंता पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे शिकवायला गेला आणि युद्धानंतर रॉबर्ट कॉलेजात राहिला. हाताशी पैसा नव्हता. टाकाऊ सामानातून त्याने चिकणमाती दाबून पाहण्याची उपकरणे बनवली. १९२३ साली त्याने आपला सिद्धांत मांडला आणि १९२५मध्ये मृदायांत्रिकीवरचे त्याचे पुस्तक निघाले. त्याचे म्हणणे दोन वाक्यांत सांगता येते. ओल्या मातीवर भार टाकला की तो आधी कणांवर जात नाही, कणांमधल्या पाण्यावर जातो. पाणी जसजसे निसटते, तसतसा भार कणांच्या सांगाड्यावर येतो, माती दबते आणि घट्ट होते. मातीची ताकद कणांनी एकमेकांना किती दाबून धरले आहे यावर अवलंबून. पाण्याचा दाब वाढला की ही पकड तेवढी सैल होते.

महाड-पोलादपूरच्या शिक्षकांना हे वाक्य नुसते पुस्तकी वाटणार नाही. २५ जुलै २००५ला दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते इथे, आणि २२ जुलै २०२१ला तळिये, तसेच पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथे डोंगर खाली आले. २००५ साली महाड तालुक्यात जवळपास दोनशे माणसे गेली, तळियेत ऐंशीहून अधिक. कातळावरच्या जाड मातीत अतिवृष्टीचे पाणी मुरले, छिद्रांमधला दाब वाढला आणि कणांची पकड सुटली. दरडींमागे उताराचे कोन, तुटलेली झाडे, कापलेले रस्ते अशी इतरही कारणे असतात. तरी शेवटचा धक्का पाण्याचा असतो आणि तो टेर्झाघीच्याच सूत्राने समजतो. धक्का बांधणारा गाळातले पाणी काढून पकड वाढवतो. दरडीत पाणी शिरते आणि पकड जाते. मुलांनी गावात जे पाहिले वा ऐकले आहे, त्याची कारणमीमांसा करताना आमच्या मते इथूनच सुरुवात करावी.

पाणी काढायचे म्हटले, तर ते निघायला वेळ किती? टेर्झाघीचे गणित सांगते की वेळ हा पाण्याला चालाव्या लागणाऱ्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अंतर दुप्पट तर वेळ चौपट. समजा गाळाचा थर १० मीटर जाड आहे, खाली कातळ असल्याने पाण्याला फक्त वरूनच वाट आहे आणि माती नेहमीच्या चिकणमातीइतकी पाणी धरून ठेवणारी आहे. तर ९० टक्के दबायला सुमारे ८५ वर्षे लागतील. म्हणजे १९८९ साली टाकलेल्या भरावाखालची माती २०७४मध्ये बंदराच्या कामाला तयार! शिवाय या काळात जमीन सव्वा-दीड मीटर खचेल, तीही सगळीकडे सारखी नाही.

यावरचा उपाय पाहिला की इतके सोपे आधी कसे सुचले नाही असे वाटते. गाळ पातळ करता येत नाही, पण पाण्याचे अंतर कमी करता येते. गाळात उभ्या वाती घालायच्या. अमेरिकेत १९२६ साली मोरन याने वाळूने भरलेल्या उभ्या निचरा-खांबांचे पेटंट घेतले आणि १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रस्त्यांखाली ते वापरले गेले. स्वीडनमध्ये वॉल्टर शेलमान याने पुठ्ठ्याची पट्टी वापरली. आपल्याकडे १९६०च्या दशकाअखेर कलकत्त्याच्या मऊ मातीत दस्तिदार व सहकाऱ्यांनी लांब पिशवीत वाळू भरून केलेली वात वापरली. ताग जिथे पिकतो तिथेच गोणपाट अशा कामी यावे, हे साहजिकच. पुढे प्लास्टिकच्या गाभ्यावर गाळणीकापड गुंडाळलेली, हाताच्या पंजाएवढी रुंद पट्टी आली. आता सगळीकडे तीच वापरतात. मघाच्या उदाहरणात दर सव्वा मीटरवर अशी वात खोचली, तर पाण्याला दहा मीटर वर चढण्याऐवजी पाऊण मीटरच्या आत आडवे जावे लागते. ८५ वर्षांचे काम साधारण वर्षभरात उरकते.

हा प्रयोग मधल्या सुट्टीत लावता येईल. सुईशिवायच्या दोन मोठ्या पिचकाऱ्या, म्हणजे इंजेक्शनच्या सिरिंजा, घ्या. दोन्हींच्या तोंडाशी कापूस ठेवून सारखाच कालवलेला चिखल भरा. एकीत चिखलाच्या मधोमध समईची सुती वात घाला आणि तिचे टोक तोंडातून बाहेर काढा. दोन्ही दट्ट्यांवर सारखे वजन ठेवून दर दहा मिनिटांनी दट्ट्या किती उतरला ते लिहा. आलेखातला फरक मुलांना न सांगता कळतो.

आता न्हावा-शेवाकडे वळू. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन याने 'आयडियल एक्स' जहाजावर ५८ पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या, तिथून आधुनिक कंटेनरयुग सुरू झाले असे मानतात. भारतात पहिले कंटेनर जहाज १९७३ साली कोचीनला लागले. मुंबईच्या जुन्या गोद्यांमध्ये ना मोठ्या जहाजांना पुरेशी खोली होती, ना पेट्या ठेवायला मैदान. म्हणून बंदराच्या पलीकडच्या काठावर नवे बंदर बांधले गेले आणि २६ मे १९८९ रोजी ते जवाहरलाल नेहरूंच्या नावाने सुरू झाले. कंटेनरचा पहिला धक्का ६८० मीटर लांब. १९९९मध्ये त्याला जोडून ६०० मीटर झाला. देशातले हे पहिले खाजगी कंटेनर टर्मिनल. २००६मध्ये ७१२ मीटरची भर पडली, पुढे ३३० मीटरचा एक तुकडा आला. चौथ्या टर्मिनलचा एक किलोमीटर २०१८मध्ये आणि दुसरा २०२५मध्ये पुरा झाला. बेरीज मुलांकडून करून घ्यावी.

धक्का आणि त्यामागचे मैदान यांना दोन वेगळे न्याय लावावे लागतात. मैदान खचले तर पुन्हा भर घालता येते. धक्क्यावर मात्र रुळांवरून चालणारी, हजार टनांहून जड क्रेन असते आणि तिचे दोन्ही रूळ एका पातळीत राहिले पाहिजेत. म्हणून धक्का गाळावर टेकवतच नाहीत. पोलादी नळकांडे गाळातून खाली ठोकतात, आतला चिखल उपसतात, खाली कातळ लागला की त्यातही काही अंतर भोक पाडतात, सळयांचा पिंजरा सोडतात आणि नळीने तळापासून काँक्रीट भरत वर येतात. असे शेकडो खांब, त्यांवर काँक्रीटचे छत. भरती-ओहोटीचे पाणी खांबांमधून खेळत राहते. सह्याद्रीचा बसाल्ट इथे खोल बुडालेला असला तरी त्याचा माथा सपाट नसतो. शेजारशेजारच्या दोन खांबांच्या लांबीत फरक पडतो, तेव्हा प्रत्येक ठिकाणी बोअर घेऊन आधी पाहावे लागते.

इथे एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. खांबाला बाजूची माती धरून ठेवते, म्हणजे आधार देते, असे आपण शिकवतो. पण शेजारी भराव पडला आणि गाळ खचू लागला, की तोच गाळ खांबाला मिठी मारून स्वतःबरोबर खाली ओढतो. आधाराचे ओझे होते. शिवाय भरावाच्या दाबाने मऊ गाळ आडवा पाण्याकडे सरकतो आणि खांबांना कुशीतून ढकलतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. शक्य असेल तिथे आधी वाती घालायच्या, भराव थराथराने चढवायचा, प्रत्येक थरानंतर थांबून पाण्याचा दाब किती उतरला हे गाळात पुरलेल्या मापकांवर वाचायचे, जमीन किती खचली ते पट्ट्यांवर मोजायचे आणि मगच पुढचा थर. कंटेनरच्या वजनाइतका जादा भराव काही महिने ठेवून नंतर काढून घेतात. म्हणजे पुढे जे खचायचे, ते आधीच खचून घेतात. विस्ताराचे काम तर आणखी नाजूक, कारण शेजारी जुना धक्का चालू असतो. नव्या भरावाने जुन्या खांबांना रेटा बसता कामा नये, नव्या जहाजांसाठी तळ खोल खणताना जुन्या उताराचा पायथा सुटता कामा नये. चालत्या दवाखान्यात मागच्या बाजूने खोल्या काढण्यासारखे हे काम.

गाळ काढून टाकून तिथे चांगली वाळू का घालत नाहीत, असे विद्यार्थी विचारतील. जपानमध्ये कोबे बंदरात तेच केले होते. धक्क्याच्या भिंतींखालची मऊ चिकणमाती काढून तिथे कुजलेल्या ग्रॅनाइटची वाळू भरली होती. १७ जानेवारी १९९५च्या भूकंपात त्या सैल, पाणी भरलेल्या भरावातला पाण्याचा दाब क्षणात वाढला, कणांची पकड सुटली आणि काँक्रीटच्या प्रचंड भिंती कित्येक मीटर समुद्राकडे सरकल्या. पुन्हा पाणीच.

या काठावर चिखलात बांधकाम करणारे अभियंते पहिलेच आले असे मात्र कोणी समजू नये. जुन्या कुलाबा जिल्ह्यात खाडीचे पाणी अडवून भातशेती करणाऱ्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चिकणमातीचे बांध घातले होते. शिलोत्री जमिनी म्हणतात त्या याच. बांध बसतो हे त्यांना ठाऊक होते. बसला की पुढच्या उन्हाळ्यात त्यावर पुन्हा माती चढवायची. थराथराने भार आणि मध्ये विश्रांती, हा नियम त्यांना सूत्राविना पाठ होता. न्हावा-शेवा बंदर आणि नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींत असली भातशेते होती, मिठागरे होती. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जण मारले गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले, त्यामागे हे आंदोलन आहे.

बंदरासाठी शेवा कोळीवाडाही उठला. त्या कोळ्यांचे पुनर्वसन उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात झाले, आणि त्या जागेत वाळवी निघाली. घरांची लाकडे, दारे, सामान वाळवीने खाल्ले. त्यासाठी गावकऱ्यांना वर्षानुवर्षे दाद मागावी लागली, होड्या घेऊन जहाजांच्या वाटेवर उतरावे लागले. धक्क्याच्या एकेका खांबासाठी जमीन तपासली जाते. माणसे वसवायच्या जमिनीची तेवढी तपासणी झाली असती तर, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या वर्गातही यायला हवा असे आम्हांला वाटते.

आणि एवढे करूनही गाळ थांबत नाही. न्हावा-शेवाची जहाजांची वाट सतत उपसावी लागते, नाही तर ती भरत जाते. महाडला २०२१च्या पुरानंतर सावित्रीतला गाळ आणि बेटे काढण्याचे काम हाती घेतले गेले. सावित्री दर पावसाळ्यात किती माती वाहून आणते हे मोजायला मोठी साधने लागत नाहीत. येत्या आषाढात पोलादपूरला, महाडला आणि दासगावला एकाच दिवशी, शक्यतो ओहोटीच्या वेळी, नदीचे एकेक लिटर पाणी बाटलीत घ्या. काठावर उभे राहून बादलीने घ्या, पुरात उतरू नका. पाण्यात चिमूटभर तुरटी फिरवून दोन दिवस ठेवा, वरचे पाणी हळूच ओता, तळाचा गाळ उन्हात खडखडीत वाळवा आणि सोनाराच्या किंवा प्रयोगशाळेच्या तराजूवर तोला. तिन्ही गावांचे आकडे, तारीख आणि त्या दिवशीचा पाऊस लिहून आम्हांला पाठवा. श्रावणात पुन्हा एकदा, त्याच जागी.